सारंगखेड्याचे पळणारे घोडे सगळे हललेले आले, फोटोग्राफी शिकायला सुरुवात कुठून करू?

तापीकाठचा: राम राम मंडळी. मी अमळनेरचा, नुकताच सेकंडहँड डीएसएलआर घेतलाय, सोबत १८-५५ ची किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर येते ती). दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात गेलो, सकाळी लवकर पोचून तीनेकशे फोटो काढले आणि घरी येऊन बघतो तर उभे घोडे बरे आलेत पण पळणारे एकूणएक पुसट. सगळं ऑटोवर काढलंय. एक मित्र म्हणतो लेन्स बदल, दुसरा म्हणतो क्लास लाव. मनापासून शिकायचंय, पण पैसे जपून वापरावे लागतील.

रावेरकर: भाऊ लेन्स राहू दे. त्या फोटोंची माहिती उघडून शटर किती होतं, म्हणजे पडदा किती वेळ उघडा राहिला ते बघ, १/१०० सेकंदाच्या आसपास असेल. उभ्या घोड्याला तेवढं चालतं, पळणाऱ्याला १/१००० तरी लागतं. डायल एसवर ठेव (कॅननवर टीव्ही लिहिलेलं असतं), शटर तू ठरव, आयएसओ (उजेड पकडायची संवेदनशीलता) ऑटो आणि त्याची मर्यादा ३२००. फोटोत दाणे दिसतील, दिसू दे, दाणेदार फोटो चालतो पण हललेला घोडा परत मिळत नाही. आणि यात्रेत लेन्स काढू नको, धूळ आतल्या सेन्सरवर बसते, ज्यावर फोटो उमटतो.

पाटणादेवीवाली: दादा, आधी चाळीसगावला ये. स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आहे, आता तिथे त्यांचं संग्रहालय आहे. १९८९ ला गेले ते, कितीतरी वर्षं घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत आणि टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून काय एकेक फोटो केलेत! मी ते बघून आले आणि केळीची एक फणी खिडकीशी ठेवली, रोज तिचेच फोटो, कधी उजेड बाजूने कधी मागून, ती काळी पडेपर्यंत. उजेड कुठून येतो हे तेव्हा कळलं मला, त्याआधी वर्षभर नुसतं बटण दाबत होते.

रावेरकर: ताईंचं बरोबर आहे. पुढे कधी घ्यायचीच झाली तर ५० एमएम एफ १.८ लेन्स घे. एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडतं. किट लेन्स ५५ वर एफ ५.६ ला जाते, हिच्यातून त्याच्या जवळजवळ दहापट उजेड आत येतो.

तापीकाठचा: बघितलं, १/८० होतं! फणी आजच आणतो. ताई, माझी खिडकी पूर्वेची आहे, सकाळी थेट ऊन येतं, चालेल का?

पाटणादेवीवाली: चालेल की, फक्त पांढरं धोतर आडवं लाव. सावली मऊ पडते.