कांदा चाळीतला सेन्सर: कंपनी म्हणते दाखवा, आयपी सेल म्हणतो थांबा

चाळकरी
नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका विद्यापीठात पीएचडीचं ४थं वर्ष चालू आहे, इन्स्ट्रुमेंटेशन. विषय कांद्याची चाळ. चाळीत एक कांदा सडला की शेजारचे चार घेऊन जातो आणि शेतकऱ्याला वास येईपर्यंत खालच्या थराला पाणी सुटलेलं असतं, तर हा वास माणसाच्या नाकाआधी पकडणारा सेन्सर आम्ही बनवलाय. त्याच्यावरची फिल्म, म्हणजे वास पकडणारा पातळ थर, आमची स्वतःची. मागच्या उन्हाळ्यात मंचरजवळ एका चाळीत ३ महिने लावून बघितला, मालक आधी हसायचे, नंतर स्वतःच फोन करायला लागले, "काय म्हणतंय आज तुमचं यंत्र?"

आता घोळ असा की भोसरीतली एक कंपनी पुढच्या आठवड्यात डेमो मागतेय आणि फिल्म कशी बनवता तेही सांगा म्हणतेय. पुढच्या महिन्यात कॉन्फरन्सला पेपर आहे. आयपी सेलमध्ये (विद्यापीठाचं पेटंट वगैरे बघणारं ऑफिस) गेलो तर मॅडम म्हणाल्या डिस्क्लोजर फॉर्म (काय शोधलंय ते सांगणारा) भरा, कमिटी बसेल. कधी बसेल विचारलं तर "कोरम झाला की". त्यात गाईड सर म्हणतात इन्व्हेंटरमध्ये एचओडींचं नाव टाकायची पद्धत आहे. एचओडींनी ती चाळ बघितलेली पण नाही हो! आणि दोन वर्षांपूर्वी मी आविष्कारला (विद्यापीठांची संशोधन स्पर्धा) याच विषयावर पोस्टर लावलं होतं, ते आठवल्यापासून झोप उडालीय. पेटंट गेलं का माझं? आणि मुळात ते माझं आहे का?

फॉर्म_अठरा
पेटंट एजंट आहे, रोज हेच बघतो, त्यामुळे जरा लांबण लागेल.

पोस्टरचं आधी. आपल्या कायद्यात स्वतःच्या प्रसिद्धीला १२ महिन्यांची सूट आहे, १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३१, पण ती फार अरुंद आहे. केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेलं प्रदर्शन किंवा विद्वत्सभेत वाचलेला पेपर, अशा मोजक्याच गोष्टींना. तुमच्या पोस्टरला दोन वर्षं झालीत म्हणजे ती सूट तशीही संपली. पण घाबरू नका, नवेपणा जातो तो जेवढं उघड केलं तेवढ्याचाच. पोस्टरवर फक्त "चाळीत सेन्सर लावून सड ओळखता येते" एवढं असेल तर ती कल्पना गेली असं धरा, फिल्म कशाची, किती जाडीची, किती तापमानाला बेक करता हे नसेल तर ते अजून तुमचंच आहे. पोस्टर शोधा आणि एकेक ओळ वाचा.

कंपनीच्या आधी आणि कॉन्फरन्सच्या आधी प्रोव्हिजनल (तारीख पकडणारा प्राथमिक पेटंट अर्ज) फाईल करा. आणि कॉन्फरन्सची तारीख धरून बसू नका, ॲबस्ट्रॅक्टचं पुस्तक बरेच लोक आधीच वेबसाईटवर टाकतात, मोजायचं ते तिथून. प्रोव्हिजनलला क्लेम (नेमका कशावर हक्क मागतोय ती वाक्यं) लागत नाहीत, पुढे १२ महिन्यांत कम्प्लीट, म्हणजे पूर्ण अर्ज, द्यायचा. मात्र जे प्रोव्हिजनलमध्ये लिहिलं नाही त्याला ती तारीख मिळत नाही, त्यामुळे दोन पानं खरडून मोकळे होऊ नका. रेसिपी पूर्ण लिहा, एकच आकडा न देता रेंज द्या, मंचरचा डेटा टाका. कोडवर फार जोर देऊ नका, नुसता प्रोग्रॅम कलम ३(के) मध्ये अडकतो, फिल्म आणि सर्किट पुढे ठेवा.

पैशाचं म्हणाल तर २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना ८० टक्के सूट आहे, ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १६०० रुपये, तपासणीची ४०००. एजंटची फी वेगळी, ती आम्ही सोडत नाही.

एचओडी: इन्व्हेंटर म्हणजे ज्याचं डोकं त्यात आहे तो. खुर्ची म्हणजे डोकं नाही. चुकीची नावं टाकलीत तर उद्या कोणी पेटंटला आव्हान दिलं की तेच पहिलं उकरून काढतात.

पाषाणचा_म्हातारा
अरे बाळा, मी पाषाण रोडवरच्या एका लॅबमधून रिटायर झालोय. मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला १९९५ साली हळदीने जखम भरण्यावर अमेरिकेत पेटंट मिळालं होतं, आठवतंय का कुणाला? आमच्या माशेलकरांच्या काळात सीएसआयआरने (केंद्राची संशोधन संस्था, माशेलकर तिचे प्रमुख) त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं. कशाच्या जोरावर? जुनं छापलेलं लिखाण दाखवून. आम्ही त्या दिवशी पेढे वाटले. पण तीच सुरी आपल्यावरही चालते, तुझं पोस्टर हे तुझ्या पेटंटच्या दृष्टीने ते जुनं लिखाणच.

वही ठेवतोस का? बाइंड केलेली, पानांना नंबर असलेली, रोजची तारीख, खाली दुसऱ्या कुणाची तरी सही. भारतात आधी फाईल करेल त्याचा हक्क, त्यामुळे वहीने तारीख जिंकता येत नाही, पण "ही फिल्म कुणाला सुचली" यावर वाद झाला तर वहीशिवाय काही नसतं. आमच्याकडे एका मुलाने सगळं सुट्या कागदांवर लिहिलेलं, पुढे त्याचं नाव तिसरं लागलं. अजून मला त्याचं वाईट वाटतं.

मालकीचं: फेलोशिप आणि प्रोजेक्टचं सँक्शन लेटर काढून वाच. केंद्राच्या विज्ञान तंत्रज्ञान मंत्रालयाने मार्च २००० मध्ये नियम काढले, त्यांच्या पैशातून झालेल्या कामाची मालकी संस्थेकडे, कमाईतला संशोधकांचा वाटा जास्तीत जास्त एक तृतीयांश. त्यामुळे "माझं पेटंट" म्हणू नकोस, "माझं नाव असलेलं पेटंट" म्हण. शिवाय तू विद्यापीठाचा नोकर नाहीस, त्यामुळे हक्क त्यांच्याकडे द्यायचा तर लेखी असाइनमेंट (हक्क सोपवल्याचा कागद) हवं. सही करायच्या आधी वाच. मी तरुणपणी एक न वाचता केली होती.

सुटलेला_मास्तर
दोन्ही काका बरोबर बोलतायत पण जरा वेगळं सांगतो. मी प्राध्यापकी सोडून स्टार्टअप काढलाय. आपल्याकडे पेटंट "पब्लिश" झालं की कॉलेजात बॅनर लागतो आणि प्रिन्सिपल नॅक नॅक (कॉलेजचं मूल्यांकन) करत नाचतात, पण अर्ज १८ महिन्यांनी आपोआपच पब्लिश होतो, त्याला ग्रँट (पेटंट मंजूर होणं) म्हणत नाहीत! ग्रँट झालेल्यातली पण कितीतरी फ्रेममध्ये जातात, विकायला कोणी हात लावत नाही. ३ऱ्या वर्षापासून रिन्यूअल फी भरावी लागते, तेव्हा अकाउंट्सवाले विचारतात हे काय आहे.

भोसरीवाल्यांना पेटंट नकोय, त्यांना तू हवायस, फिल्म बिघडली तर दुरुस्त कोण करणार? स्वतःची कंपनी काढायचा विचार असेल तर २०१९ ची राष्ट्रीय स्टार्टअप पॉलिसी वाच, त्यात संस्थेने जागा, सोयी, आयपी दिलं तर २ ते ९.५ टक्के इक्विटी (कंपनीतला हिस्सा) घ्यावी असं आहे, तुमच्या विद्यापीठाने ती स्वीकारलीय का ते विचार. एनसीएलच्या (पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) व्हेंचर सेंटरमध्ये, जिथे स्टार्टअपना मदत करतात, एक चक्कर मार. बायरॅक या केंद्राच्या संस्थेची बिग नावाची ग्रँट (अनुदान) ५० लाखांपर्यंत असते, ती बायोटेकची आहे पण शेतीचं बसतं, मांडणी नीट करावी लागते.

लायसन्सच द्यायचं ठरलं तर दोन गोष्टी. रॉयल्टी नफ्यावर घेऊ नका, नेट विक्रीवर घ्या, नफा शून्य दाखवायला एक सीए पुरतो. आणि एक्स्क्लुझिव्ह (फक्त त्यांनाच हक्क) मागितलं तर "फक्त कांदा" असं लिहून घ्या, बटाटा आणि लसूण मोकळे ठेवा. दोन वर्षांत माल बाजारात आणला नाही तर हक्क परत, हेही टाका. आमच्या एका डीलमध्ये हे नव्हतं, ती टेक्नॉलॉजी अजून कुणाच्या तरी कपाटात आहे.

लक्ष्मीरोड_डायरी
कंपनीला फिल्मचं सांगण्याआधी एनडीए (गुप्ततेचा करार) लागेल, त्याच्यावर स्वतः सही करू नकोस हं. विद्यापीठाच्या वतीने कुलसचिव करतात, विद्यार्थी नाही. आणि कुलसचिवांच्या टेबलावर फाईल किती दिवस झोपते ते मी तीन वर्षं अनुभवलंय. फाईलबरोबर स्वतः चालत जा, शिपायाला नाव विचार, दुसऱ्या दिवशी परत जा.

चाळकरी
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री फोनमधला पोस्टरचा जुना फोटो शोधून झूम करून वाचला. चाळीचं चित्र आहे, ग्राफ आहे, आणि फिल्मच्या जागी फक्त "एफ-३" लिहिलंय, कशाची ते नाही!! तेव्हा सर ओरडले होते की फॉन्ट मोठा कर, जागा पुरत नाहीये, म्हणून रेसिपीचा टेबलच काढला होता. त्या ओरडण्याला आज दंडवत.

काका, वही आहे, बाइंड केलेली आहे, फक्त मधल्या ४० पानांवर सही कुणाचीच नाही. आज लॅबमेटकडून आजच्याच तारखेने सह्या घेतल्या, मागची तारीख टाकली नाही.

पाषाणचा_म्हातारा
शाबास. मागची तारीख टाकली असतीस तर इथूनच कान धरला असता.

चाळकरी
अपडेट, ११ दिवसांनी. प्रोव्हिजनल गेलं, १६०० ची पावती आली, ॲप्लिकेशन नंबर आला. कमिटीचा कोरम झाला नाही, पण मॅडमनी "कॉन्फरन्सची तारीख" असं लाल पेनने लिहून फाईल फिरवली, देव भलं करो त्यांचं. इन्व्हेंटर दोघंच, सर आणि मी. फॉर्म १ मध्ये इन्व्हेंटरच्या सहीची जागा असते म्हटल्यावर एचओडी स्वतःच म्हणाले "नको रे, मला कोर्टात कोण उभं करणार", त्यांचं नाव पेपरच्या आभारात टाकलंय.

एनडीए अजून कुलसचिवांकडेच आहे. भोसरीवाल्यांना सांगितलं, चाळीत डेमो बघा, आलेख बघा, फिल्मचं सही झाल्यावर. ते सोमवारी मंचरला येतायत. चाळीच्या मालकांनी सगळ्यांना मिसळ खायला बोलावलंय, कोणी येताय का?