शिक्षण परिषदेत ‘ताणमुक्त शिक्षक’: व्याख्यान सोडून काय ठेवावं?

केंद्रप्रमुख_राजापूर
या महिन्याच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या (आसपासच्या शाळांच्या गटातल्या) शिक्षकांच्या मासिक बैठकीत, ‘ताणमुक्त शिक्षक’ला अर्धा तास आहे. केंद्रात बहुतेक शाळा द्विशिक्षकी, पहिली ते पाचवी, छपरं पत्र्याची. जुलै लागला की निम्म्यांचे घसे बसलेले आणि रात्री नऊपर्यंत ग्रुपवर ‘तातडीची माहिती’. डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या, हे सगळ्यांचं ऐकून झालंय. दुसऱ्या दिवशी शाळेत करता येईल असं काही सुचवा.

वाचा_उपचार_चिपळूण
सर, त्यातली वीस मिनिटं आवाजालाच द्या. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की माणूस नकळत ओरडून बोलतो. स्वरतंतू जास्त जोराने एकमेकांवर आपटतात, सुजतात, आणि असंच वर्षानुवर्षं चाललं तर गाठी येतात. म्हणून आधी अंतर कमी करा. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने पडतो. पट कमी आहे, तर मुलांना अर्धवर्तुळात दोन मीटरच्या आत बसवा. पावसाची सर आली की शिकवणं थांबवून लेखन किंवा मूकवाचन द्यायचं. हे काम टाचणातच (पाठाच्या लेखी तयारीत) ‘पावसाचं काम’ म्हणून तयार ठेवा. गप्प करायला टाळी किंवा घंटा.

कमरेला लावायचा छोटा माइक-स्पीकर चांगला. माइक ओठांच्या कोपऱ्याशी दोन बोटं अंतरावर, अगदी तोंडासमोर नको, नाहीतर श्वासाची फुरफुर येते. स्पीकरचं तोंड माइककडे वळलं की शिट्टी वाजते. दिवसा लाइट जाते, म्हणून चार्जिंग रात्रीच आटपावं.

शाळा सुटल्यावर: पेल्यात पाणी, नळी 2-3 सेंटिमीटर बुडवून तिच्यातून ‘ऊ’ म्हणत बुडबुडे काढायचे, दोन-तीन मिनिटं. गाल सैल हवेत. मानेच्या शिरा ताठल्या तर जोर जास्त लागतोय. नळीतल्या दाबामुळे तंतू हलक्या हाताने जुळतात, म्हणून आराम पडतो.

घसा बसल्यावर कुजबुजू नका, त्यानेही बहुतेकांच्या घशावर ताण येतो. खाकरण्याऐवजी पाण्याचा घोट. पुदिन्याची गोळी घसा बधिर करते, मग माणूस आणखी जोरात बोलतो. तीन आठवड्यांत आवाज सुटला नाही तर कान-नाक-घसा डॉक्टरांकडून स्वरयंत्र दुर्बिणीने बघून घ्यावं.

बाई_पाचवी
पाण्याचं बोलता आहात म्हणून एक जोडते. शिक्षिका पाणी कमी पितात कारण शौचालयाला कडी नसते किंवा पाणी नसतं. मग लघवीचा जंतुसंसर्ग. कडी आणि बादली हा विषय शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत लेखी घ्या, तोंडी राहिला की राहिलाच.

यूडायस_वैतागलेला
रात्रीचे मेसेज मात्र केंद्रप्रमुखांच्या हातात आहेत, स्पष्टच लिहितो. ग्रुप ‘फक्त ॲडमिन’वर ठेवा. प्रत्येक मेसेजात चार गोष्टी: काय, कोणी, कधीपर्यंत, कुठे भरायचं. सहानंतर काही टाकू नका. वरून उशिरा आलं तर सकाळी टाका. खरोखर त्याच रात्री हवं असेल तर फोन करा. फोन करायला लागला की ‘तातडीचं’ आपोआप कमी होतं.

शाळेने एकच मूळ तक्ता ठेवावा: जनरल रजिस्टर नंबर, आईचं नाव, जन्मतारीख, आधार, बँक खातं, प्रवर्ग, उंची-वजन. वरून येणारे बहुतेक नमुने यातूनच निघतात. पोषण आहाराची नोंद हजेरी झाल्या झाल्या करा. पाचवीपर्यंत माणशी 100 ग्रॅम, म्हणजे 27 मुलांना 2 किलो 700 ग्रॅम तांदूळ. शनिवारवर ढकललं की साठा जुळत नाही आणि महिनाअखेरीची रात्र त्यातच जाते.

वकील_नाही_पण
शिक्षण हक्क कायदा, 2009, कलम 27: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर बिगरशैक्षणिक कामाला शिक्षक लावता येत नाही. मतदार यादीच्या कामाबाबत 2007 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात ते सामान्यतः सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावं असं म्हटलंय. याच कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे किमान तास 45, तेही पूर्वतयारी धरून. दोन आठवडे कामाचे तास वहीत लिहायला सांगा: शिकवणं, तयारी, माहिती, इतर. नुसत्या तक्रारीपेक्षा ही वही गटशिक्षणाधिकाऱ्यांपुढे जास्त चालते.

केंद्रप्रमुख_राजापूर
सहाचं बंधन आजपासून. पण एक शिक्षक रजेवर गेला की दुसरा पाच वर्ग एकटा सांभाळतो, त्या दिवसाचं काय?

बाई_पाचवी
त्या दिवशी पाच विषय शिकवायला जाऊ नये. पहिली-दुसरी एक गट, तिसरी ते पाचवी दुसरा. एका गटाला 20 मिनिटं शिकवणं, दुसऱ्याला स्वाध्याय, मग अदलाबदल. दुपारी सगळ्यांना एकत्र गोष्ट किंवा परिसरातली पाहणी. स्वाध्यायाची कार्डं आधीच करून डब्यात हवीत, प्लास्टिकच्या पिशवीत, नाहीतर ऑगस्टपर्यंत बुरशी. आणि माहितीचं काम त्या दिवशी बंद, हे सर तुम्हीच जाहीर करा, म्हणजे एकट्या पडलेल्या शिक्षकाला कुणाला विचारावं लागणार नाही.

वाचा_उपचार_चिपळूण
परिषदेच्या फळ्यावर 14416 लिहून ठेवा, टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, मोफत, मराठीतही बोलता येतं. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडालेली, शाळेचं नाव काढलं की छातीत धडधड, अशांना माइक आणि तक्ता पुरणार नाही.