अनुभव धागा: तुमच्या वेळी सोलापुरात कुठल्या कॉलेजची हवा होती?

भाचीनं परवा अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरला. दहा पसंतीक्रम देता येतात, तिनं पहिले तीन मैत्रिणीचे बघून टाकले. मी आपला दयानंद, संगमेश्वर करत बसलो तर म्हणते, "मामा, तुम्ही अजून सात रस्ता चौकातच उभे आहात." म्हणून हा धागा. कुठं गेलात, का गेलात, आता पोरांना कुठं घालताय, लिहा.

गिरणीवाल्याचा मुलगा
१९७१ ला मॅट्रिक झालो. निवड कसली ओ! गल्लीतली सगळी दयानंदला, म्हणून मीपण. १९४० चं कॉलेज, मिलमध्ये साच्यावर असलेल्या वडिलांना तेवढं एकच नाव पाठ. विद्यापीठ मात्र कोल्हापूरचं. फॉर्मवर मीच नाव चुकवलेलं, ते दुरुस्त करायला रात्रीची एसटी धरून गेलो, भाकरी-चटणी बांधून. २००४ ला एका जिल्ह्याचं का होईना, सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ झालं. थोरलीचं शेवटचं वर्ष होतं, तिला कोल्हापूर बघायलाच मिळालं नाही.

अशोक चौक
१९८३ ला खासगी इंजिनिअरिंगला राज्यात वाट मोकळी झाली आणि त्याच वर्षी इथं डब्ल्यूआयटी, म्हणजे वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, निघालं. मी दुसऱ्या बॅचचा. पाहुणे विचारायचे, "वालचंद? सांगलीचं का इथलं?" इथलं म्हटलं की "असू दे, असू दे" म्हणत चहा पुढं करायचे. त्याच पाहुण्यांची नात यंदा तिथंच कॉम्प्युटरला लागली, पेढे घेऊन आले! आमच्या वेळी मेकॅनिकल म्हणजे राजा. आता प्रवेशाच्या कॅप राउंडला पोरं आधी ब्रँच बघतात, कॉलेज मागनं.

डीएडवाली
डीएड, म्हणजे प्राथमिक शिक्षकाची पदविका, विसरलात की काय सगळे? २००६ ला बारावीला बरे मार्क पडले की पोरीला दोन वर्षं डीएड, मग झेडपीची शाळा, हा हिशोब घरोघरी ठरलेला. यादीत नाव लागलं तेव्हा वडिलांनी गल्लीत साखर वाटली. पाठाचे तक्ते रात्र-रात्र रंगवायचो, माझं 'जलचक्र' अजून माळ्यावर आहे. २०१० नंतर भरती आटली, २०१३ ला टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आली. आमच्या कॉलेजचं मंगल कार्यालय झालं. मागच्या वर्षी जावेच्या भावाच्या लग्नात अक्षता टाकायला उभी राहिले ती नेमकी आमच्या गणिताच्या वर्गात. फळ्याची चौकट तशीच, आत थर्माकोलमध्ये वधू-वरांची नावं. मी आता एका बालवाडीवर आहे.

जुळे सोलापूरची आई
लेकीला इथलंच सरकारी मेडिकल हवं होतं. घरापासून रिक्षानं पंधरा मिनिटं. त्यासाठी दोन वर्षं लातूरला ठेवली, कारण 'नीट म्हणजे लातूर' असं सगळेच सांगत होते. नाव एका कॉलेजात, बसायचं क्लासमध्ये, हजेरी कागदावर. दर रविवारी पहाटेच्या एसटीनं शेंगाचटणी आणि कडक भाकरी पोचवायची. नंबर लागला नांदेडला. आता डबा आणखी लांब जातो.

नाव नको
एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. मे महिन्यात आम्हाला बारावीच्या पोरांची यादी देऊन गाडीवर गावोगाव पाठवतात. हे मास्तराचं काम नव्हे, पण पगार त्यावर आहे. मागे मंगळवेढा तालुक्यात एका ओसरीवर बसलो होतो. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींची फी सरकारनं २०२४ पासून माफ केलीय, त्यात ही पोरगी बसत होती. त्यामुळं फीचा विषयच निघाला नाही. मी प्लेसमेंट सांगत होतो, बाप म्हणाला, "बस कुठपर्यंत येती? आन् आमच्या गावचं कोण हाय का तिथं?" दोघी आहेत म्हटलं. त्यानं तिथंच एकीला फोन लावला, स्पीकरवर. ती म्हणाली, "यू द्या की काका, माझ्या रूमवर एक कॉट रिकामी हाय." झाली ॲडमिशन. निघताना बघितलं, माझं रंगीत माहितीपत्रक पोरीच्या आईनं शेंगदाण्याच्या डब्यावर झाकलं होतं.