घरी भाजलेल्या सातूविषयी थोडी भर
घरच्या ओव्हनमध्ये भाजलेल्या सातूमुळे (बार्लीमुळे) स्टाउट या गडद बिअरला राखेसारखा कडवटपणा आला, या घरी बिअर बनवणाऱ्यांच्या तक्रारीचे कारण केवळ जास्त भाजणे नसून घाई हेही असू शकते. भाजताना तयार होणारे उग्र वास उडून जावेत म्हणून दाणे कागदी पिशवीत एक-दोन आठवडे ठेवणे मला फार महत्त्वाचे वाटते. काळ्या दाण्यांतील विकरे (एन्झाइम) उष्णतेने नष्ट झालेली असतात, त्यामुळे पिष्टाची साखर करण्याचे काम फिक्या माल्टवरच (मोड आणून हलक्या उष्णतेवर वाळवलेल्या सातूवरच) सोपवावे आणि भाजलेले धान्य एकूण धान्याच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावे. डॅनियल व्हीलर यांनी १८१७ साली इंग्लंडमध्ये पेटंट घेतलेल्या फिरत्या पिंपाच्या भट्टीमुळे अशा थोड्याशा काळ्या माल्टनेच पोर्टर या बिअरचा गडद रंग साधता येऊ लागला. ओव्हनमध्ये दाणे आपोआप फिरत नाहीत, म्हणून थर पातळ ठेवून ते वारंवार हलवावेत.