अनुभव धागा: आघातानंतर शरीर पुन्हा आपलं करून घेणारी कला

लैंगिक अत्याचार, मारहाण, लहानपणचं शोषण किंवा मोठी शस्त्रक्रिया यांतून गेलेल्या माणसाला स्वतःचं शरीर परकं वाटू लागतं. चित्र, साचेकाम, शिवण, छायाचित्र, माती यांच्या आधाराने ते परत आपलंसं करण्याचं काम ज्यांनी गटांसोबत घेतलं आहे, त्यांनी कृपया इथे लिहावं. कहाण्या नकोत, स्वतःच्याही नकोत आणि सहभागींच्या तर नकोतच. साहित्य, मापं, क्रम, आणि नेमकं कुठे बिनसतं, एवढंच लिहा.

रेघ

देहनकाशापासून सुरुवात करते, कारण बहुतेक गट तिथूनच सुरू करतात आणि बहुतेक चुका तिथेच होतात. ही पद्धत आज ज्या रूपात वापरली जाते, ते रूप 2002 साली केपटाउनजवळच्या खायेलित्शा वस्तीत एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांच्या गटात घडलं. माणसाच्या उंचीच्या कागदावर शरीराची बाह्यरेषा काढायची आणि ती रंग, खुणा, शब्द यांनी भरायची.

कागद साधारण 1 मीटर रुंद, 2 मीटर लांब आणि जाड. तेवढा रुंद मिळाला नाही तर दोन पट्टे जोडा, पण चिकटपट्टी मागच्या बाजूने लावा. पुढून लावली की त्या रेषेवर रंग धरत नाही, आणि ती रेषा नेमकी छाती-पोटावरून जाते.

आता मुख्य गोष्ट. सहभागीला जमिनीवर उताणं झोपवून दुसऱ्याने वरून वाकून रेघ मारायची, असं बऱ्याच पुस्तिकांत असतं. अत्याचारातून गेलेल्या अनेकांसाठी ती स्थितीच घाव उघडणारी असते. म्हणून चार पर्याय आधीच भिंतीवर लिहून ठेवा: भिंतीला टेकून उभं राहणं, कुशीवर निजणं, स्वतःच स्वतःभोवती रेघ मारणं, किंवा शरीर न टेकवता हाताने आकृती काढणं. रेघ मारणाऱ्याने पेन्सिल कागदावर उभी धरावी आणि अंगापासून दोन-तीन बोटं लांब ठेवावी. पेन्सिल आत कलली की ती कपड्यांना घासते आणि आकृतीही बारीक येते. मांड्यांच्या आतली रेघ दुसऱ्याने मारायचीच नाही. गुडघ्याशी थांबायचं, पुढची रेघ सहभागी उठून स्वतः जोडते. छातीच्या बाजूंचंही तसंच.

भरण्याचा क्रमही महत्त्वाचा: तळहात-तळपायांचे ठसे, मग पाठीशी उभ्या असलेल्या माणसाची सावलीसारखी दुसरी बाह्यरेषा, मग बळाची खूण, आणि जखमा शेवटी. जखमांपासून सुरुवात केली तर दोन तासांत सगळा कागद जखमांनी भरतो आणि माणूस तसाच उघडा घरी जातो. एका बैठकीत उरकू नका. दोन-अडीच तासांच्या चार बैठका लागतातच.

काहीजणांना लिहिलेलं झाकून टाकायचं असतं. तो त्यांचा हक्क आहे, म्हणून साहित्याने दगा देता कामा नये. तेली खडूवर जलरंग बसत नाही, खालचं अक्षर उलट उठून दिसतं. स्पिरिटच्या मार्करची शाई पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकच्या दोन थरांतूनही झिरपून वर येते. खरंच झाकायचं असेल तर वरून कागद चिकटवा.

शांतपणे

रेघ यांच्या मुद्द्याला जोडून. आठ सहभागींमागे चालवणारे दोघं हवेत. एकीला कुणासोबत बाहेर जावं लागलं तर खोली रिकामी पडत नाही. बसण्याची जागा प्रत्येकाने स्वतः निवडावी, दरवाजा सर्वांना दिसावा, आणि तो आतून सहज उघडावा. ‘डोळे मिटा’ अशी सूचना देऊ नका. ‘हवे तर मिटा, नाहीतर जमिनीवर नजर ठेवा’ म्हणा.

बिघडतंय हे रडण्यावरून ओळखायला जाल तर फसाल. रडणारा माणूस बहुधा ठीक असतो. काळजी करावी ती हात थांबून नजर एका ठिकाणी खिळलेल्याची, किंवा अचानक फार नीटनेटकं, फार वेगाने रंगवू लागलेल्याची. अशा वेळी चित्राबद्दल काही विचारू नका. समोर दिसणाऱ्या पाच वस्तू, स्पर्श होणाऱ्या चार, ऐकू येणारे तीन आवाज, दोन वास, एक चव, असं हळूहळू मोजायला लावा. खांद्यावर हात ठेवू नका. शेवटची वीस मिनिटं नवीन काही काढायचं नाही. ब्रश धुणं, गार पाण्याने हात धुणं, कागद गुंडाळणं एवढंच.

साचा

प्लास्टर बँडेजने, म्हणजे पाण्यात भिजवून लावायच्या प्लास्टरच्या पट्टीने, धडाचा साचा घेण्याबद्दल. स्तनाच्या शस्त्रक्रियेआधी किंवा नंतर, आणि अत्याचारानंतर ‘माझा आकार मला बघायचा आहे’ म्हणणाऱ्यांसोबतही हे काम होतं.

सर्वात आधी धोका. जाड थरातलं प्लास्टर घट्ट होताना तापतं, 60 अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकतं. बादलीभर प्लास्टरमध्ये हात बुडवून ठेवल्याने शाळकरी मुलीला बोटं गमवावी लागल्याची घटना इंग्लंडमध्ये 2007 साली घडली आहे. म्हणून अंगावर ओतायचं प्लास्टर कधीच नाही, फक्त बँडेज, तेही तीनच थर. पाणी साधारण खोलीच्या तापमानाचं घ्या. गरम पाण्यात ते झटकन घट्ट होतं आणि हाताखाली सुरकुत्या पडतात.

त्वचेवर पेट्रोलियम जेलीचा जाड थर, केस असतील तिथे दुप्पट, नाहीतर काढताना उपटतात. नव्या टाक्यांवर, सोललेल्या त्वचेवर किंवा किरणोपचार चालू असलेल्या भागावर साचा घ्यायचा नाही. बँडेज 25-30 सेंटिमीटरच्या पट्ट्यांत आधीच कापून ठेवा. पहिला थर आडवा, दुसरा उभा, तिसरा तिरका. कडेला दुमडून घेतलेली जास्तीची पट्टी, कारण साचा मोडतो तो कडेनेच. फक्त पुढची बाजू घ्या. अंगाला पूर्ण वेढा कधीच घालू नका. माणसाला कुठल्याही क्षणी एकट्याने त्यातून बाहेर पडता आलं पाहिजे. बोथट टोकाची बँडेज कात्री त्या माणसाच्या हातात द्या. मदतनिसाच्या खिशात असलेली कात्री बाहेरून तितकीच सुरक्षित वाटते, पण आतल्या माणसाला तसं वाटत नाही.

उभं ठेवू नका. गुडघे ताठ करून उभं राहिल्यावर चक्कर येते. मागे रेललेली खुर्ची घ्या. जेली आणि पट्ट्या शक्य तिथे त्याने स्वतःच लावाव्या. दुसरा लावणार असेल तर प्रत्येक भागाआधी नव्याने विचारायचं, ‘आता डावा खांदा, चालेल?’ एकदाच घेतलेली सरसकट संमती इथे पुरत नाही. शेवटची पट्टी लावल्यावर पंधरा-वीस मिनिटांत, पोट आत ओढून खांदे हलवले की साचा सुटतो. वाळायला एक-दोन दिवस, पालथा नव्हे तर आधार देऊन उताणा, नाहीतर पसरतो. चेहऱ्याचा साचा पहिल्या वेळी घेऊच नये. नाक मोकळं असलं तरी तोंड-डोळे बंद होणं फार होतं.

टाका

शिवणकामात हात पुन्हा पुन्हा तीच हालचाल करतो, त्याने श्वास लयीत येतो, म्हणून हे माध्यम लांबच्या कामाला चांगलं.

1990 साली अमेरिकेत हायनिस इथे 31 शर्ट दोरीवर वाळत घालून स्त्रियांवरच्या हिंसेबद्दलचा एक उपक्रम सुरू झाला. त्यात रंगांची भाषा होती: जीव गमावलेल्यांसाठी पांढरा, बलात्कार आणि लैंगिक हल्ल्यासाठी लाल, गुलाबी, केशरी, बालपणीच्या लैंगिक शोषणासाठी निळा किंवा हिरवा, लैंगिक कल ओळखून झालेल्या हल्ल्यासाठी जांभळा. लांबून बघणाऱ्याला ही भाषा फार थेट भिडते. पण माझं ठाम मत आहे की गटात रंग वाटून देऊ नयेत. एकाच माणसाला तीन रंग लागू पडतात, आणि रंग उचलताच खोलीतल्या सगळ्यांना ते कळतं. कपड्यांचा ढीग मिसळलेला ठेवा.

बाल्टिमोरमधल्या एका गटाने 2013 पासून गोळा केलेल्या गोधडीत प्रत्येक चौकोन चार फुटांचा होता, आणि 2019 साली ती सगळी वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर अंथरली गेली. सगळ्यांनी एकच माप पाळल्यामुळेच हजारो लोकांचं काम जोडता आलं. लहान गटाला चार फूट मोठं पडतं. दीड फूट घ्या आणि चारही बाजूंनी दीड इंच शिवण सोडा. नवशिके कडेपर्यंत अक्षरं भरतात आणि जोडताना नेमका शेवटचा शब्द शिवणीत जातो.

रेघ

लैंगिकतेबद्दल राहिलंच. देहनकाशावर पारदर्शक ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर वेगळा नकाशा काढता येतो: कुठे स्पर्श आवडतो, कुठे सांगता येत नाही, कुठे नको. तीनच रंग पुरतात. कोपऱ्यात तारीख घाला आणि महिन्याभराने नवा कागद. जुना खाली ठेवून पाहिलं की ‘नको’ची जागा सरकलेली दिसते, कधी वाढलेलीही. वाढली म्हणजे घसरण झाली असं समजू नका. नाही म्हणता येऊ लागल्याचीही ती खूण असते. हा कागद गटात दाखवायचा नसतो. पाकीट द्या, आणि ते चिकटवायला डिंकही.

तिपाई

छायाचित्रात रिमोट शटर, म्हणजे लांबून कॅमेरा चालवायचं बटण, चित्रातल्या माणसाच्या हातात द्या. छायाचित्रकाराने प्रकाश लावायचा, चौकट दाखवायची आणि मागे सरायचं. ब्रिटिश छायाचित्रकार जो स्पेन्स यांनी 1982 साली शस्त्रक्रियेआधी आपल्या स्तनावर ‘हा जो स्पेन्स यांच्या मालकीचा?’ अशा अर्थाचा प्रश्न लिहून छायाचित्र घेतलं. रुग्णालयात जाण्याआधी प्रश्न त्यांनी स्वतः विचारला होता, हे त्या चित्राचं बळ.

व्यवहाराचं: चेहरा नसला तरी तीळ, गोंदण, व्रण, अंगठी, मागची खिडकी यांवरून ओळख पटते. फाइलमधली वेळ आणि ठिकाणाची माहिती काढून टाका. संमतीपत्रात तीन वेगळे प्रश्न हवेत: काढायला, छापायला, इंटरनेटवर टाकायला. छापील प्रत परत घेता येते, इंटरनेटवरची नाही, हे तोंडी सांगा.

दालन

प्रेक्षकांबद्दल. योको ओनो यांनी 1964 साली क्योटोत प्रेक्षकांना आपले कपडे कात्रीने कापायला बोलावलं. मरीना अब्रामोविच यांनी 1974 साली नेपल्समध्ये 72 वस्तू मांडून सहा तास स्वतःला प्रेक्षकांच्या हवाली केलं. वस्तूंत पिस्तूल आणि गोळीही होती, आणि ते पिस्तूल त्यांच्यावर रोखलं गेलं. सावरणाऱ्या गटांनी हे नमुने गिरवू नयेत. जमावाला अंगावर हक्क दिला की जमाव पुढे पुढे जातो. सादरीकरण करायचंच असेल तर थांबवण्याचा शब्द सादर करणाऱ्याकडे, आणि तो ऐकून दिवे लावणारा माणूस ठरलेला हवा.

सुझान लेसी यांनी 1977 साली लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांकडे आलेल्या बलात्काराच्या नोंदी रोज मोठ्या नकाशावर लाल शिक्क्यांनी दाखवल्या, आणि शेजारी मदत कुठे मिळेल याचा दुसरा नकाशा लावला. तो दुसरा नकाशा प्रत्येक प्रदर्शनात हवा. विषयाची सूचना दाराबाहेर लावा, आत नव्हे. आणि मधूनच निघून जाण्याची वाट ठेवा. सगळं बघूनच बाहेर पडता येईल अशी मांडणी नको.

माती

एक-दोन किलोचा गोळा द्या. आपटणं, चिरणं, पुन्हा एक करणं, सगळं चालतं. भाजायचं असेल तर आतून पोकळ करून भिंत सुमारे एक सेंटिमीटर ठेवा आणि बंद पोकळीला खालून भोक पाडा. जाड भाग आतून ओला राहिला की वाफेने भट्टीत फुटतो. स्वतःचं धड केलेल्या माणसाला त्याचे तुकडे परत देण्याची वेळ येऊ देऊ नका. पूर्ण वाळायला दोन आठवडे धरा.

पण भाजायचं की नाही, हे आधी विचारा. कच्ची माती पाण्यात विरते. पुष्कळांना तेच हवं असतं. रुंद तसराळं, मूर्ती बुडेल एवढं पाणी, आणि वेळ. पूर्ण वाळलेली माती ओलसर मातीपेक्षा लवकर विरते, म्हणून आधी नीट वाळू द्या. कुणी सोबत बसावं का, हेही त्याच माणसाने ठरवायचं. खाली बसलेली माती गाळून, कापडावर पसरून, मळून पुन्हा वापरता येते.