डावा पाय ४६, उजवा ५४ : डाव्यावर जोर द्यावा का?

साखळीकर
वय ४३, राहायला साखळी, हायस्कूलमध्ये शिकवतो. रविवारी पोदेरचा (पाववाल्याचा) भोंगा ऐकू यायच्या आत घर सोडायचं, सायकलने केरीवरून चोर्ला घाट चढून यायचा, हा माझा चार वर्षांचा नेम. गेल्या महिन्यात दोन्ही पायांचा जोर वेगवेगळा मोजणारी पॉवर पेडल घेतली. सपाटीवर डावा-उजवा वाटा ४८-५२ टक्के दिसतो. अंजुणे धरण मागे पडून खरा चढ लागला की ४६-५४. शेवटच्या वळणांवर डावा ४४ वरसुद्धा आलेला पाहिलाय.

याआधी मित्राचा फक्त डाव्या क्रँकवरचा (पेडलच्या दांडीवरचा) मीटर वापरायचो. तो याच घाटात, एवढ्याच वेळात १६५ वॅट सरासरी द्यायचा. आता १८० येते. वजन तेच, सायकल तीच.

तीन वर्षांपूर्वी पावसात स्कूटर घसरून डाव्या नडगीचं हाड मोडलं. रॉड घातला, तो अजून आत आहे. चालताना काही जाणवत नाही. पण आकडा बघितल्यापासून घाटात मुद्दाम डाव्याने रेटतोय, आणि सलग दोन रविवार डाव्या गुडघ्याच्या वाटीखाली ठणका लागलाय. ५०-५० साठी असंच चालू ठेवू का?

फोंड्याचा रायडर
वॅटचं आधी सांगतो. एका बाजूचा मीटर डाव्या पायाचा आकडा घेऊन दुप्पट करतो. १८० चे ४६ टक्के म्हणजे ८३, दुप्पट १६६. तुमचा जुना मीटर बिघडलेला नव्हता, तुमच्या उजव्या पायाची त्याला खबरच नव्हती.

आता झिरो, म्हणजे पेडलवर भार नसताना मीटर शून्यावर आणणं. घरी पहाटे गारव्यात झिरो केलात आणि वर ऊन लागलं की रीडिंग थोडं सरकू शकतं. केरीला पाच मिनिटं थांबून परत करा. मीटरची स्वतःची चूक एक-दोन टक्के असतेच, त्यामुळे सपाटीवरच्या ४८-५२ कडे बघूही नका. निरोगी रायडरचंही तेवढं असतं. (पेडल अदलाबदल करून तपासू म्हणाल तर जमत नाही, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात.)

आणि हा आकडा फक्त खाली दाबण्याचा नाही. उजवा खाली जाताना डावा वर येत असतो. तेव्हा त्याचं वजन पेडलवरच राहिलं, तर तेवढं डाव्याच्या खात्यातून वजा होतं. दमल्यावर हे जास्त होतं. घाटात कॅडेन्स (मिनिटाला पेडलच्या फेऱ्या) किती? ६० च्या खाली असेल तर मागच्या चाकाला मोठी कॅसेट (गिअरच्या दातेरी चकत्यांचा संच) घाला. प्रत्येक दाबाला लागणारा जोर कमी होईल, गुडघ्यालाही बरं.

म्हापशाची फिजिओ
सर, रेटणं आजच थांबवा. हा रॉड बहुतेक वेळा गुडघ्याच्या वाटीखालून आत घालतात, आणि गुडघ्यापुढे दुखणं ही त्यानंतरची नेहमीची तक्रार आहे. हाडांच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या.

तोवर घरी एक करा. भिंतीला बोटं टेकवून एका पायावर उभे राहा आणि टाच पूर्ण उचला. न थांबता किती होतात ते दोन्ही पायांचं वेगवेगळं मोजा. आणि ट्रेनरवर (सायकल जागेवर चालवायच्या स्टँडवर) बसून मागून व्हिडिओ काढायला सांगा. कंबर एका बाजूला झुकते का, डावी टाच जास्त खाली जाते का, ते बघायचंय. क्लीट (बूट पेडलला अडकवणारी पट्टी) आणि सीटला त्याआधी हात लावू नका. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने काय झालं ते कळत नाही.

साखळीकर
मोजलं. उजवा २४, डावा ११. बाराव्याला टाच उचललीच नाही. तीन वर्षांत हे मला एकदाही कळलं नव्हतं, आणि आज ते बघून खरंच वाईट वाटलं. व्हिडिओत कंबर सरळ आहे, डावी टाच मात्र प्रत्येक फेरीत खचते. केरीला झिरो केल्यावर घाटात ४७-५३ आलं. डॉक्टरांची वेळ गुरुवारची मिळाली. टाचा उचलायचा व्यायाम रोज करू का? रविवारी घाटाआधी केला तर चालेल?

म्हापशाची फिजिओ
रोज नको, एक दिवस आड. घाटाआधी अजिबात नको, थकलेली पोटरी घेऊन चढू नका. डावा आधी करा, आणि उजव्यालाही डाव्याइतकेच, जास्त नाही. गुरुवारी डॉक्टरांना रॉड काढण्याबद्दल विचारा, आणि ते काय म्हणाले ते इथे लिहा.