अ‍ॅम्फेटामिन हे मुलांना द्यायचं औषध आहे का?

रानवारा
एक गोष्ट पचत नाही, म्हणून धागा काढतोय. १९३८ साली जर्मनीत 'पेर्विटिन' नावाने मेथॅम्फेटामिनच्या गोळ्या बाजारात आल्या. दोन वर्षांत त्या सैनिकांच्या खिशात होत्या, झोप नको म्हणून. जपानमध्ये हेच औषध 'हिरोपॉन' नावाने युद्धकाळात वापरलं गेलं. युद्धानंतर उरलेला साठा बाहेर आला, व्यसनाची साथ पसरली आणि १९५१ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. ज्याचा भाऊबंद असा आहे, ते अ‍ॅम्फेटामिन आज एडीएचडीच्या (लक्ष न टिकणं आणि अति चंचलपणा या विकाराच्या) नावाखाली सात-आठ वर्षांच्या मुलांना रोज दिलं जातं. चंचल मूल शांत बसत नाही म्हणून गोळी? मुलाचा दोष की त्याला सहा तास बाकावर बसवणाऱ्यांचा?

मनोविकारवाला
इतिहास बरोबर, पण सोयीचा तेवढाच सांगितलात. १९३७ मध्ये चार्ल्स ब्रॅडली यांनी ऱ्होड आयलंडमधल्या आपल्या संस्थेत ३० मुलांना बेन्झेड्रिन, म्हणजे अ‍ॅम्फेटामिनच, दिलं. जवळपास निम्म्या मुलांच्या अभ्यासात लगेच फरक पडला. म्हणजे पेर्विटिन दुकानात यायच्या आधीच हा उपयोग नोंदला गेला होता. नार्कोलेप्सीत, म्हणजे दिवसा बसल्याबसल्या झोप कोसळते त्या आजारात, तर त्याहीआधी १९३५ पासून.

आणि 'भाऊबंद' म्हणून एकाच दावणीला बांधू नका. गोळी पोटातून हळूहळू रक्तात चढते. तेच रसायन ओढलं किंवा टोचलं की काही सेकंदांत मेंदूत डोपामिनची, म्हणजे सुख आणि उमेद देणाऱ्या रसायनाची, लाट येते. व्यसन लावते ती मुख्यतः ही लाट, तिचा हा वेग. लिसडेक्सअ‍ॅम्फेटामिन हे त्याच कुळातलं औषध तर असं बनवलंय की शरीरात त्याचे तुकडे झाल्याशिवाय ते कामच करत नाही. टोचून घेतलं तरी तो वेग फारसा साधत नाही.

सायली_म
शांत बसवायला गोळी देतो असं म्हणणाऱ्यांनी एक संध्याकाळ आमच्याकडे काढावी. मुलगी गणित उतरवून घ्यायला बसते. अर्धी ओळ लिहून होते, पेन्सिल खाली पडते, ती उचलायला वाकते ते टेबलाखालीच रमते. दहा मिनिटांनी रडत विचारते, "आई, मला का जमत नाही?" औषध सुरू झाल्यावर ती 'शांत' झाली नाही, बडबड तेवढीच आहे. ओळ मात्र पूर्ण होते.

फुकट काही नाही, हेही सांगते. दुपारचा डबा जवळजवळ तसाच परत येतो आणि रात्री नऊला कडकडून भूक लागते. डॉक्टर दर खेपेला उंची-वजन बघतात, रक्तदाब तपासतात. आम्ही डोळे झाकून देत नाही.

रानवारा
सायलीताई, तुमच्या निर्णयावर बोट ठेवायचं नाही. पण हे औषध किती वर्षं द्यायचं, याला पुरावा काय? २०१८ मध्ये लॅन्सेट सायकियाट्री या वैद्यकीय नियतकालिकात १३३ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास आला होता. निष्कर्ष औषधाच्या बाजूने आहे, मान्य. पण तो साधारण १२ आठवड्यांपुरता. मुलं मात्र वर्षानुवर्षं घेतात.

मनोविकारवाला
मुद्दा रास्त आहे. म्हणूनच मधूनमधून औषध थांबवून पाहावं, गरज उरली आहे का ते तपासावं. त्याच अभ्यासात मुलांसाठी पहिली पसंती मिथाइलफेनिडेट या एडीएचडीच्याच दुसऱ्या औषधाला आहे आणि प्रौढांसाठी अ‍ॅम्फेटामिनला, हे मात्र तुम्ही गाळलंत. मिथाइलफेनिडेट डोपामिन परत शोषलं जाणं अडवतं. अ‍ॅम्फेटामिन त्यापुढे जाऊन ते पेशीतून बाहेर ढकलतं. मुलांच्या हातात आधी काय द्यायचं, याचं उत्तर त्यातच आहे.

निशाचर
तुम्ही सगळे आजारावर अडकलात. मला आजार नाही, पण परीक्षेच्या आठवड्यात मित्राची एखादी गोळी घेतली तर कुणाचं काय बिघडलं? कॉफीचीच थोरली बहीण.

त्रिज्या
निशाचर, बिघडतं ते तुझंच. २०२३ मध्ये ४० निरोगी तरुणांना मिथाइलफेनिडेट, झोप उडवणारं मोडाफिनिल, डेक्सअ‍ॅम्फेटामिन आणि बिनऔषधाची गोळी अशी आलटूनपालटून देऊन एक कोडं सोडवायला लावलं: ठरावीक वजनाच्या पिशवीत जास्तीत जास्त किमतीच्या वस्तू कशा बसवायच्या. औषधावर असताना लोकांनी जास्त वेळ दिला, जास्त उलथापालथ केली, पण चाली आंधळ्या झाल्या. जे मुळात हुशारीने सोडवत होते त्यांचं नुकसान सगळ्यात जास्त. खूप अभ्यास झाल्यासारखं वाटणं आणि अभ्यास होणं, यातला फरक निकालाच्या दिवशी कळतो.

आणि मित्राची गोळी म्हणजे मित्राचा एक दिवस बिनऔषधाचा. तो कसा गेला, विचारलंस कधी?

निशाचर
बरं बाबा. पण प्रौढ माणसाने स्वतःच्या मेंदूचं काय करावं हे कोडी घालणारे ठरवणार का?

कडूनिंब
वॉर्डात काम करतो, म्हणून दोन शब्द. अ‍ॅम्फेटामिनने आलेला भ्रम मी जवळून पाहिलाय. माणूस भिंतीला कान लावून बसतो, पडद्यामागे कुणी आहे म्हणून झोपत नाही, कातडीखाली किडे वळवळतात म्हणून खाजवून रक्त काढतो. बहुतेकांचं काही दिवसांत उतरतं, काहींचं रेंगाळतं. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधानेही हे होऊ शकतं. २०१९ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात एडीएचडीसाठी उत्तेजक सुरू केलेल्या किशोर-तरुणांत हे प्रमाण साधारण ६६० मध्ये एक निघालं, आणि मिथाइलफेनिडेटपेक्षा अ‍ॅम्फेटामिनवर दुपटीने.

अफूच्या व्यसनाला मेथाडोन आहे, जास्त झाली तर नॅलॉक्सोन आहे. मेथॅम्फेटामिनच्या व्यसनाला तसं मान्यता मिळालेलं एकही औषध नाही. समुपदेशन करायचं, आणि लघवीची चाचणी स्वच्छ आली की लहानसं बक्षीस द्यायचं. ऐकायला पोरकट वाटतं, पण सध्या सगळ्यात चांगला परिणाम त्याचाच दिसतो.

रानवारा
म्हणजे कडूनिंब माझ्या बाजूने.

कडूनिंब
नाही हो. माझ्याकडे येणाऱ्यांत असेही असतात ज्यांना लहानपणापासून एडीएचडी होता आणि कुणी तपासलंच नाही. रस्त्यावरच्या पुडीने पहिल्यांदा डोकं जागेवर आलं, असं ते सांगतात. त्यांना वेळेवर गोळी मिळाली असती तर बरं झालं असतं, असंच मला वाटतं. तुमची भीती खरी आहे, तिच्यावरचा तुमचा उपाय पटत नाही.

सायली_म
रानवारा, बाकावरच्या सहा तासांबद्दल तुम्ही सुरुवातीला जे लिहिलंत त्यावर वेगळा धागा काढा. तिथे मी तुमच्या बाजूने येईन.